सहाशे जणांची ऊब

अडीचने ऑर्गनकडे पाठ फिरवली त्याला अकरा महिने होऊन गेले, तरी ऑर्गनबाईंच्या ते काही पचनी पडलं नव्हतं.

अडीच म्हणजे त्यांची विद्यार्थिनी. पाचवीत असताना ती पहिल्यांदा ऑर्गनच्या बाकावर चढली, तेव्हा तिचे पाय खालच्या पायपट्ट्यांपर्यंत पोचेनात. कुणीतरी 'अडीच फुटी' म्हणालं आणि ते नाव तिला जे चिकटलं ते चिकटलंच. आता ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला, बारावीला होती, वर्गात सगळ्यांत उंच होती, बाईंच्याही वर चार बोटं गेली होती. नाव मात्र अडीचच. बारा वर्षांच्या नोकरीत बाईंच्या हाताखालून तीसेक मुलं गेली. दोन हात आणि दोन पाय एकाच वेळी वेगवेगळ्या कामाला लावायचे म्हटल्यावर त्यांतली बरीचशी सहा महिन्यांत गिटारच्या वर्गात जाऊन बसायची. अडीच सहा वर्षं टिकली होती. नुसती टिकली नव्हती, तिने बाईंची झोप उडवली होती. उद्या हिला शिकवायचं काय, या विचाराने.

मग मागच्या वर्षीचा वार्षिक समारंभ आला.

शाळेच्या हॉलमध्ये मागच्या बाजूला, दारांच्या वर एक सज्जा आहे. त्या सज्जात, जवळजवळ छताला डोकं टेकवून ऑर्गन उभा आहे. गाण्याच्या वर्गातली पेटी वेगळी, हा नळ्यांचा. लहानमोठ्या मिळून नऊशेच्या वर नळ्या, आत विजेवर चालणारा भाता, समोर पट्ट्यांच्या दोन रांगा आणि बाजूला खुंट्या. एक खुंटी ओढली की एका जातीच्या नळ्या बोलू लागतात. बहुतेक जाती शिट्टीच्या कुळातल्या: फटीतून वारा जातो आणि नळीतली हवाच वाजते. एक रांग तेवढी वेगळी. तिच्या प्रत्येक नळीच्या बुडाशी एक पितळी जीभ असते, ती थरथरते. आवाज खणखणीत, म्हणून तिला सगळे तुतारी म्हणतात.

बाईंच्या आधी जे सर ऑर्गन वाजवायचे, त्यांचा एक दंडक होता: भरल्या हॉलात तुतारीला हात लावायचा नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सरांना भपका आवडत नाही, एवढाच अर्थ बाईंनी घेतला आणि अकरा वर्षं तो दंडक पाळला. अडीचसाठी मात्र त्यांनी तो मोडला. तिच्यासाठी निवडलेल्या रचनेत उजवा हात तुतारीवर आणि डावा हात मऊ शिट्ट्यांवर होता. रिकाम्या हॉलात तालीम अशी व्हायची की झाडणाऱ्या मावशींचा झाडू थांबायचा.

समारंभाच्या दिवशी तिसऱ्या ओळीतच आवाज फाटला. तुतारी एकीकडे, बाकीचा ऑर्गन दुसरीकडे, आणि दोघांच्या मध्ये एक घाणेरडी वॉव-वॉव. खाली कुणीतरी गाईसारखं हंबरलं. मग सहाशे मुलं जी हसली, ती हसतच राहिली. अडीचने शेवटपर्यंत वाजवलं आणि ती उठली.

"घाबरलीस तू," जिन्यात बाई म्हणाल्या. "हात घसरले."

"मी बरोबर वाजवलं, बाई."

"मला कान आहेत ना?"

अडीचने बाईंकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी तिने ऑर्गनसाठी घेतलेले पातळ तळव्यांचे बूट सज्जाच्या दाराशी ठेवले आणि ती परत वर चढली नाही.

या वर्षीच्या समारंभाला सतरा दिवस राहिले होते. अडीच नाही तर नाही, तीच रचना आपणच वाजवू, असं बाईंनी मनाशी ठरवलं होतं. सोमवारी त्या सकाळी लवकर आल्या, रिकाम्या हॉलात तुतारी काढून बघितली. काचेसारखी स्वच्छ. तासाभराने सकाळची सभा भरली. सभेच्या शेवटी मुलं रांगेने बाहेर पडण्याआधी एक सूर वाजतो, तो त्यांनी सहज तुतारीवर वाजवला.

वॉव-वॉव-वॉव.

बाईंचे हात पट्ट्यांवरच राहिले. एका हाताचं एक बोट, दुसऱ्या हाताचं एक बोट. एकच स्वर, दोन जातींच्या नळ्यांवर. घसरायला जागाच नव्हती. खाली दोन मुलं हंबरली, खेळाच्या सरांनी शिट्टी फुंकली, हॉल रिकामा झाला. बाई तशाच बसून राहिल्या. दर पाच मिनिटांनी त्या तोच स्वर दाबून ऐकत होत्या. वॉव-वॉव हळूहळू सैल होत गेली: सेकंदाला चार हेलकावे, मग तीन, मग एक. पन्नास मिनिटांनी तुतारी पुन्हा काचेसारखी स्वच्छ झाली, आणि तिला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"हॉलमध्ये काय बदललं?" बाईंनी स्वतःलाच विचारलं. मुलं आली, मुलं गेली. दुसरं काय?

त्यांनी विज्ञानाच्या प्रयोगशाळेतून तापमापक मागून आणला आणि तीन दिवस सज्जात टांगून ठेवला. मुलं येण्याआधी सतरा अंश. सभा संपताना तेवीस. तिन्ही दिवस, अर्ध्या अंशाच्या फरकाने, हेच. गरम हवा वर चढते आणि ऑर्गन वरच. हवा तापली की शिट्टीच्या नळ्यांचा स्वर चढतो, कारण तिथे हवाच वाजते. तुतारीत वाजते पितळी जीभ. तिला हवेच्या उकाड्याचं फारसं सोयरसुतक नसतं; ती जागची हलत नाही. सहा अंशांत मधल्या सप्तकाच्या एका स्वराला साधारण साडेचार हेलकाव्यांचा फरक पडतो. बाईंनी तो कागदावर मांडून बघितला, मग घड्याळ लावून ऐकला. जुळला.

त्यांनी निवृत्त सरांना फोन लावला.

"सर, भरल्या हॉलात तुतारी नको असं तुम्ही का म्हणायचा?"

"का म्हणजे? सहाशे पोरं बसली की हॉल तापतो. बाकीचा ऑर्गन चढतो, तुतारी खाली राहते. माहीत नाही तुला?"

"तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"तू कधी विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला ऐकू येत असेल."

बाईंनी फोन ठेवला. शेवटचं वाक्य त्यांना चांगलंच झोंबलं होतं.

अडीच ग्रंथालयात खिडकीजवळ बसली होती. बाई समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी आडवळण न घेता सांगून टाकलं. तापमान, नळ्या, हेलकावे, सगळं. "तुझे हात घसरले नव्हते. तू बरोबर वाजवलं होतंस. चूक माझी होती, आणि मी ती तुझ्या गळ्यात बांधली."

"मला माहीत होतं," अडीच म्हणाली.

"हवा तापते ते?"

"ते नाही. मी बरोबर वाजवलं ते."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "समारंभात तूच वाजव. तुझी रचना आहे ती."

"तुम्हाला आता कळलं, बाई. त्या सहाशेंना कधी कळणार? मी जिन्यावरून गेले तरी आठवीतली कार्टी अजून हंबरतात." तिने पुस्तक मिटलं. "ते सगळ्यांसमोर हसले. तुम्ही इथे कुजबुजत सांगताय, बाजूला फक्त ग्रंथपाल आहेत, आणि ते झोपलेत."

ग्रंथपालांनी डोळे न उघडता "जागा आहे मी," असं सांगितलं.

बाई उठल्या तेव्हा त्यांना दोन गोष्टी पक्क्या ठाऊक झाल्या होत्या. तुतारी तेवीस अंशांना जुळली पाहिजे. आणि ती का बिघडली होती, ते सगळ्यांना कळलं पाहिजे. ही दोन कामं एकाच वेळी उरकता येतील हे त्यांना जिना उतरताना सुचलं, आणि सुचल्यावर त्या मधल्याच पायरीवर थांबल्या. कारण ते भलतंच होतं.

ऑर्गन जुळवायला वर्षातून दोनदा एक काका येतात. ते नेहमी सुट्टीत येतात, शाळा ओस पडलेली असताना. हेलकावे ऐकायला शांतता लागते. पलीकडच्या खोलीत कुणी बाक सरकवला तरी काका नळ्यांमधून डोकं बाहेर काढून शिव्या घालतात. आणि म्हणूनच तुतारी आजवर नेहमी थंड, रिकाम्या हॉलमध्येच जुळवली गेली होती. भरल्या हॉलासाठी ती जुळवायची तर हॉल भरलेला हवा. आणि शांत हवा.

"वेड लागलंय तुम्हाला," काका फोनवर म्हणाले.

"किती वेळ लागेल, तेवढं सांगा."

"एकसष्ट नळ्या आहेत. तासभर."

"सगळ्या नकोत. रचनेत लागतात तेवढ्याच, पंचवीस. आणि आदल्या दिवशी रिकाम्या हॉलात तुम्ही त्या अंदाजाने चढवून ठेवायच्या. कुठल्या स्वराला किती हेलकावे ठेवायचे, त्याचं कोष्टक देते मी."

"मी कानाने काम करतो, बाई. कोष्टकाने नाही."

"आदल्या दिवशी कोष्टक, दुसऱ्या दिवशी कान. मग किती वेळ?"

पलीकडे काका पुटपुटत हिशेब करू लागले. "एका नळीला अर्धं मिनिट. तेरा मिनिटं धरा. पण एक जरी पोरगं खोकलं तरी मी हातातलं काम सोडून खाली उतरेन, सांगून ठेवतो."

मुख्याध्यापिकांनी आधी चष्मा काढला, मग पुसला, मग घातला.

"सहाशे मुलं. तेरा मिनिटं. गप्प. अहो बाई, परीक्षेतसुद्धा बसत नाहीत हो ती!"

"बसतील, मॅडम."

"त्यापेक्षा तुतारी नका ना वाजवू. सर नाही का नुसत्या शिट्ट्यांवर चालवून न्यायचे? कुणाला काय कळतंय?"

"मागच्या वर्षी सगळ्यांना कळलं. चुकीचं कळलं. एका मुलीला मी सगळ्यांच्या हसण्याच्या तोंडी दिलं, मॅडम. तिचं वर्ष संपायच्या आत ते मला निस्तरायचंय. सभेनंतरची तेरा मिनिटं द्या. एकाही मुलाने आवाज केला तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

मुख्याध्यापिका म्हणाल्या, बघू. बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशी त्या तापमापकच घेऊन गेल्या आणि तो त्यांच्या टेबलावर ठेवून बसल्या. "द्या बाई, द्या एकदाची तारीख," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "नाहीतर तुम्ही उद्या ऑर्गनच उचलून आणाल इथे."

समारंभाच्या चार दिवस आधीची सकाळ ठरली. एक प्रश्न उरला होता. जुळवताना काका आत नळ्यांमध्ये उभे असतात. बाहेर कुणीतरी त्यांच्या हाकेसरशी एक-एक पट्टी दाबून धरावी लागते. हे काम दर वेळी बाई करायच्या. या खेपेला त्यांना खाली, मुलांसमोर उभं राहायचं होतं.

"नुसत्या पट्ट्या दाबायला येशील?" त्यांनी अडीचला विचारलं. "वाजवायला नको. सज्जात तुला कुणी बघणारही नाही."

"तुम्ही खाली काय करणार?"

"तू जे म्हणालीस तेच."

अडीच आली. बूट न घालता, मोज्यांवर.

सभा संपली. तापमापक बावीस पूर्णांक आठवर. बाई मंचावर गेल्या. गेली बारा वर्षं त्यांनी या मुलांना पाठमोऱ्याच ऐकवलं होतं. इतक्या डोळ्यांसमोर उभं राहायची सवय नव्हती. पण माघार घ्यायला आता जागा नव्हती.

"मागच्या वर्षी समारंभात ऑर्गन हंबरला," त्या म्हणाल्या. "तुम्ही हसलात. वाजवणारी चुकली असं तुम्हाला वाटलं. मलाही तसंच वाटलं, आणि मी तिला तसं तोंडावर सांगितलं. ती चुकली नव्हती. मी चुकले होते. आणि तो आवाज कोण काढत होतं, माहीत आहे? तुम्ही."

हॉलमध्ये चुळबुळ झाली.

"तुमच्यातला प्रत्येक जण नुसता बसला तरी एका जुन्या बल्बाएवढी ऊब बाहेर टाकतो. सहाशे बल्ब. हवा तापते, नळ्या चढतात, एक रांग तेवढी मागे राहते. ऐका." त्यांनी वर हात केला. अडीचने आधी मुद्दाम एक न सुधारलेला, अगदी वरचा स्वर दाबला. वॉव-वॉव-वॉव-वॉव.

कुणी हंबरलं नाही. आठवीच्या रांगेत एक मुलगा बोटांवर हेलकावे मोजत होता.

"आता काका हे हेलकावे मोडणार आहेत. त्यांना तुमची ऊब हवी आणि तुमचा आवाज नको. तेरा मिनिटं. ज्याला जमणार नाही त्याने आत्ताच बाहेर जावं. मी रागावणार नाही, पण त्याच्या वाटची ऊब कमी पडेल."

एकही जण उठला नाही. बाहेर जायला संधी मिळूनही न गेलेली सहाशे मुलं खेळाच्या सरांनी आयुष्यात पहिल्यांदाच बघितली.

वरून काकांचा आवाज आला: "पहिली." अडीचने पट्टी दाबली. स्वर थोडा हेलकावत होता. आत टिक, टिक, टिक: काका चपट्या सुरीने जिभेला दाबून धरणारी तार खाली ठोकत होते. तार खाली गेली की जीभ आखूड होते, स्वर चढतो. हेलकावा लांबला, आणखी लांबला आणि थांबला. दोन आवाजांचा एक झाला. "पुढची."

सहावी, सातवी, आठवी नळी. पहिलीतल्या मुलांनी दोन्ही हातांनी तोंडं दाबून धरली होती. अकराव्या नळीला कुठूनतरी "हिक्" असा आवाज आला.

टिकटिक थांबली. काकांचं डोकं नळ्यांच्या वर उगवलं. सहाशे माना वळल्या. मुख्याध्यापिका लालबुंद होऊन भिंतीला टेकल्या होत्या. त्यांना उचकी लागली होती.

"हिक्."

मुलांचे गाल फुगले, खांदे गदगदा हलले, कुणाच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज? एक नाही. मुख्याध्यापिकांनी श्वास कोंडून धरला आणि त्या चवड्यांवर चालत बाहेर गेल्या. बाईंनी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

चौदा मिनिटांनी काका म्हणाले, "झालं." मग वरून, कुणी सांगितलं नसताना, अडीचने पंचवीसही स्वर ओळीने वाजवले, खालून वर. एकही हेलकावा नव्हता. टाळ्या बाईंनी सुरू केल्या नाहीत. त्या आठवीच्या रांगेतून आल्या.

सज्जात काका हत्यारं पिशवीत भरत होते. "एक लक्षात ठेवा," ते अडीचला म्हणाले. "आता ही भरल्या हॉलात खरी. रिकाम्या हॉलात खोटी वाजणार. चार दिवस तालमीला बसाल तेव्हा कानाला घाण ऐकू येईल. तिकडे लक्ष द्यायचं नाही."

"म्हणजे बरोबर वाजवायचं आणि चूक ऐकायचं?"

"तसंच."

अडीचने बाईंकडे बघितलं. "ते मला येतं," ती म्हणाली, आणि दाराकडे बूट शोधायला गेली. बाईंनी ते कपाटात ठेवले होते. आता ते तिला आखूड झाले होते. तिने मागची शिवण उसवली आणि पाय आत घातले.

चार दिवस रिकामा हॉल वॉव-वॉव करत राहिला. झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मागच्या वर्षी तरी बरं होतं." अडीच दात-ओठ खाऊन वाजवत राहिली. बाईंनी एकदाही "थांब" म्हटलं नाही. बोटं बघायची, कानांवर भिस्त ठेवायची नाही; त्यांनाही हे नव्यानेच शिकावं लागत होतं.

समारंभाला दीडशे पालकही आले. हॉल लवकर तापला. बाई सज्जात तापमापकाला खिळून उभ्या होत्या. तेवीस. तेवीस पूर्णांक पाच. चोवीस. त्या धावत खाली गेल्या आणि खेळाच्या सरांकडून बाजूच्या दोन खिडक्या उघडून घेतल्या. पाचच मिनिटांत मुख्याध्यापिका तिथे हजर.

"अहो, पाहुण्यांना वारा लागतोय!"

"पाहुण्यांची खुर्ची हलवा, मॅडम. खिडकी हलणार नाही."

खुर्ची हलली. बाई दोन-दोन पायऱ्या गाळत वर आल्या. अडीच बाकावर बसलेली, दोन्ही हात मांडीवर, नजर पाऱ्यावर.

"तेवीस पूर्णांक दोन," ती म्हणाली. "बाई, तुम्ही धापा टाकू नका, अजून गरम होईल."

खाली तिच्या रचनेचं नाव पुकारलं गेलं. हॉल एकदम शांत झाला. कसं शांत बसायचं, ते त्यांना आता येत होतं. अडीचने तुतारीची खुंटी ओढली.

पहिल्या ओळीला बाईंनी श्वास धरला. दुसऱ्या ओळीला सोडला. तिसरी ओळ आली आणि गेली. उजव्या हातातली तुतारी डाव्या हातातल्या शिट्ट्यांच्या बरोबर मधोमध उभी होती, कुठेही न डगमगता. सज्जाचे लाकडी कठडे खालच्या स्वरांनी थरथरत होते. शेवटच्या पानावर, दोन्ही पाय एकामागून एक धावतात त्या जागी, अडीचचा डावा पाय एका पट्टीवरून निसटला. स्वर उशिरा आला, अगदी निसटता, पण उशिरा. ती न थांबता पुढे गेली आणि संपवून मोकळी झाली.

खाली टाळ्या वाजत होत्या. तिने कठड्यावरून बघितलं नाही. ती बाईंकडे वळली.

"शेवटच्या पानावर पाय चुकला."

"हो," बाई म्हणाल्या. "चुकला."

"ही माझी होती."

"ही तुझीच."

अडीच हसली, वर्षभरात पहिल्यांदा, आणि कपाळावरचा घाम पुसत तिने रचनेच्या वहीचं ते चुकलेलं पान पुन्हा समोर उघडलं. "उद्या किती वाजता येऊ?"